अगस्त्याशेजारचा मंद तारा आणि त्याच्याभोवतीची धूळ

अंबाजोगाई परिसरातील एका शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: हिवाळ्यात त्या मुलांना मृग, व्याध आणि अगस्त्य दाखवतात. अगस्त्याजवळच्या एका मंद ताऱ्याभोवती धुळीची तबकडी आहे आणि तिथे ग्रह जन्माला येत आहेत, असे त्यांच्या वाचनात आले. तो तारा मराठवाड्यातून दिसतो का, शाळेच्या आठ इंची परावर्तक दुर्बिणीतून ती तबकडी दिसेल का किंवा तिचे छायाचित्र घेता येईल का, आणि ते शक्य नसेल तर न दिसणाऱ्या या धुळीबद्दल मुलांना नेमके काय सांगावे?

तारा दिसतो. तबकडी दुर्बिणीतून दिसणार नाही, आणि आपल्या अक्षांशावरून आठ इंची दुर्बिणीने तिचे छायाचित्र मिळण्याची शक्यता मी जवळजवळ शून्य धरतो. आपला तिसरा प्रश्न मात्र या दोन्हींपेक्षा मोलाचा आहे. त्याचे उत्तर देताना ‘तिथे ग्रह जन्माला येत आहेत’ या वाक्यातही दुरुस्ती करावी लागेल, कारण ती धूळ ताऱ्याच्या जन्मावेळची उरलेली धूळ नसून आजही नव्याने तयार होणारी धूळ आहे, आणि तिचे सगळे महत्त्व या एका गोष्टीत साठवलेले आहे.

या ताऱ्याचे नाव बीटा पिक्टोरिस. पिक्टर, म्हणजे मराठी पुस्तकांतला चित्रफलक, हा तारकासमूह प्राचीन नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला लुई द लाकाय यांनी १७५१-५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ मुक्काम करून दक्षिण आकाशातील ताऱ्यांची मोजणी केली, आणि रिकाम्या वाटणाऱ्या जागांना चित्रकाराचा फलक, सूक्ष्मदर्शक, लंबकाचे घड्याळ अशा साधनांची नावे दिली, त्यांतलाच हा एक. त्यामुळे आपल्या परंपरेत या ताऱ्याला नाव नाही आणि कथाही नाही. शेजारच्या अगस्त्याला मात्र समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषींची कथा आहे, आणि पावसाळा सरताना पहाटे अगस्त्य उगवू लागला की गढूळ झालेले पाणी निवळते, ही जुनी समजूतही आहे. मुलांच्या ओळखीचा अगस्त्य असल्यामुळे शोधाची सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

बीटा पिक्टोरिस खगोलीय विषुववृत्ताच्या ५१ अंश दक्षिणेला आहे. म्हणून तो दक्षिणेकडे सर्वांत उंच आलेला असतानाही छत्रपती संभाजीनगरहून क्षितिजापासून सुमारे १९ अंश, अंबाजोगाई आणि लातूरहून २० अंश, तर उमरग्याहून २१ अंश एवढाच वर येतो. दिल्लीच्या निरीक्षकाला तो जेमतेम १० अंशांवर मिळतो, हे लक्षात घेतले तर आपण बरेच भाग्यवान आहोत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठच्या सुमारास दक्षिणेच्या मध्यरेषेवर, म्हणजे नेमका दक्षिणेला आणि सर्वांत उंच, येतो. शाळेच्या मुलांसाठी अर्थातच फेब्रुवारी सोयीचा. क्षितिजापासून १५ अंशांच्या वर तो रोज साधारण चार तासच असतो, मध्यरेषेच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर, आणि याच वेळेत तो पाहण्यात अर्थ आहे.

शोधण्याची माझी पद्धत अशी आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यावर अगस्त्याच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे, सुमारे ६ अंशांवर हा तारा आहे. हात पूर्ण लांब करून तीन बोटे जोडून धरली की जवळपास ५ अंश होतात, त्याहून किंचित अधिक अंतर धरावे. खात्रीसाठी वरूनही खाली यावे: व्याध आणि अगस्त्य यांच्या मधल्या पट्ट्यात, थोडे उजवीकडे, कपोत समूहातील दोन बऱ्यापैकी ठळक तारे दिसतात, त्यांतल्या डावीकडच्या ताऱ्यापासून सरळ खाली १५ अंश उतरले की आपण त्याच जागी पोहोचतो. ७×५० च्या द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) अगस्त्य एका कडेला ठेवला तर दुसऱ्या कडेला बीटा पिक्टोरिस मावतो, आणि मुलांना दाखवण्यासाठी मी आठ इंची दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीच पसंत करीन. या दोन मार्गांनी पडताळणी न करता मी स्वतः सुरुवातीचे दोन हिवाळे कपोतातलाच एक तारा बीटा पिक्टोरिस म्हणून दाखवत होतो, म्हणून हा आग्रह.

या ताऱ्याची दृश्यप्रत, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे माप, ३.८६ आहे; हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. डोक्यावर असता तर तो गावाकडच्या आकाशात सहज दिसला असता. परंतु २० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट जाडीच्या हवेतून येतो, आणि स्वच्छ रात्रीसुद्धा त्यात पाऊण ते एक प्रत एवढी घट होते. म्हणजे प्रत्यक्षात आपण साडेचारपेक्षाही मंद ताऱ्याचा शोध घेत असतो. त्यात आपल्याकडे हिवाळ्यातच साखर कारखाने चालू असतात, उसाचे पाचट जाळले जाते, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या पेटलेल्या असतात आणि थंड रात्री हा धूर जमिनीलगत बसून राहतो. दक्षिण क्षितिजाचा नेमका तोच खालचा थर आपल्याला हवा असतो. जागा निवडताना आपल्या दक्षिणेला कोणते शहर येते हे आधी पाहावे. तुळजापूरच्या घाटमाथ्यावर आकाश चांगले वाटते, पण तिथून दक्षिणेला सोलापूरचा उजेड आहे. बालाघाटाच्या पठारावर दक्षिणेकडे लांबवर मोठे गाव नसलेली एखादी माळरानाची जागा अधिक उपयोगी पडते. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली निरभ्र रात्र मिळाली तर ती सोडू नये.

आता दुर्बिणीचा प्रश्न. लोकांना वाटते की तबकडी फार लहान असल्यामुळे दिसत नाही. तसे मुळीच नाही. तारा ६३ प्रकाशवर्षांवर आहे, आणि पहिल्याच छायाचित्रात तबकडी दोन्ही बाजूंना सुमारे ४०० खगोलीय एककांपर्यंत पसरलेली दिसली होती. (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, आणि नेपच्यून सूर्यापासून अशा ३० एककांवर आहे.) एवढी तबकडी आपल्याला टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) लांबीची दिसायला हवी, म्हणजे दुर्बिणीत गुरूचे बिंब दिसते जवळपास तेवढी. अडचण तिच्या मंदपणाची आहे, आणि ती ताऱ्याच्या झगमगाटाला चिकटून आहे ही त्याहून मोठी अडचण आहे. दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिच्यात आणि वर हवेत ताऱ्याचा थोडा प्रकाश विखुरतो आणि ताऱ्याभोवती तेजाचे वलय उभे राहते. तबकडीचा उजेड त्या वलयात बुडून जातो. रात्री समोरून गाडीचा दिवा डोळ्यांवर आला असताना दिव्याशेजारचा माणूस जसा दिसत नाही, तशी ही स्थिती आहे.

छायाचित्राबद्दल सांगायचे तर हौशी निरीक्षकाला ते अशक्य नाही. २०११ मध्ये न्यूझीलंडमधील एका हौशी निरीक्षकाने २५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीने ही तबकडी टिपली. त्याने बीटा पिक्टोरिसची छायाचित्रे घेतली, तशाच पद्धतीने त्याच समूहातील आल्फा पिक्टोरिस या ताऱ्याची घेतली, आणि पहिल्यातून दुसरे वजा केले. दोन्हींमध्ये ताऱ्याच्या तेजाचे वलय सारखे असल्यामुळे ते निघून गेले आणि धुळीची रेघ शिल्लक राहिली. पण न्यूझीलंडमध्ये हे तारे जवळजवळ डोक्यावर येतात. आपल्याकडे बीटा पिक्टोरिस २० अंशांवर, तर आल्फा पिक्टोरिस लातूरहून अवघ्या १० अंशांवर येतो, आणि दोघांच्या प्रकाशाने कापलेली हवा इतकी वेगळी असते की वजाबाकी जुळतच नाही.

मी दहा इंची दुर्बिणीने दोन हिवाळे हा प्रयत्न केला आहे, आणि एकदा वजाबाकीनंतर ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना लांबट रेघ मिळाली तेव्हा काही दिवस मी ती तबकडीच समजत होतो. नंतर त्याच रात्रीची, मध्यरेषेच्या दोन तास आधीची आणि दोन तास नंतरची छायाचित्रे आजूबाजूच्या ताऱ्यांशी जुळवून पाहिली तेव्हा चूक उघड झाली. खरी तबकडी आकाशाशी बांधलेली आहे, ती ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने पसरलेली आहे आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत तिची दिशा बदलू शकत नाही. माझी रेघ मात्र प्रत्येक वेळी क्षितिजाशी काटकोनात उभी होती. वातावरण निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा किंचित अधिक वळवते, त्यामुळे क्षितिजाजवळचा तारा उभा ताणला जातो, आणि मी पाहत होतो ते एवढेच होते. आपल्या दुर्बिणीत मोठ्या वर्धनावर हा तारा एखाद्या मुलाला लांबट दिसला, एका टोकाला निळसर आणि दुसऱ्या टोकाला तांबूस दिसला, तर त्याचे निरीक्षण बरोबर आहे असे त्याला सांगावे आणि ती धूळ का नव्हे हेही समजावून द्यावे. मुलांसाठी हा धडा छोटा नाही.

मग ही धूळ सापडली कशी? २५ जानेवारी १९८३ रोजी अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून आयरास नावाचा उपग्रह सोडला. तो डोळ्यांना न दिसणारी अवरक्त, म्हणजे उष्णतेची, प्रारणे मोजणारा होता, आणि स्वतःच्या उष्णतेने मोजमाप बिघडू नये म्हणून त्याची दुर्बीण द्रवरूप हीलियमने गोठवून ठेवली होती. अभिजित तारा मोजमापाचा आधार म्हणून वापरायचा होता, पण लांब तरंगलांबीला तो अपेक्षेपेक्षा फारच तेजस्वी निघाला. मागोमाग आणखी काही तारे असेच निघाले आणि त्यांत बीटा पिक्टोरिस होता. विझलेल्या चुलीतली राख अंधारात दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. आयरासला लागलेली धग ताऱ्याची नव्हती. सुमारे ८,००० केल्विन तापमानाचा तारा तेवढ्या लांब तरंगलांबीला एवढे तेज देऊच शकत नाही. ती ताऱ्याच्या उन्हात कोमट झालेल्या धुळीची धग होती. ताऱ्याच्या एकूण प्रकाशाचा सुमारे चारशेवा भाग ही धूळ अडवते आणि उष्णतेच्या रूपाने परत टाकते, आणि धुळीसाठी हे प्रमाण प्रचंड आहे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेराइल यांनी चिलीतील लास काम्पानास वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीला करोनाग्राफ जोडून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश मध्येच झाकून, या ताऱ्याचे छायाचित्र घेतले. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक, सरळ रेघ होती. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवे धरले की त्याचे गोलपण दिसत नाही आणि फक्त काठाची रेघ दिसते, तशी ही तबकडी आपल्याकडे काठ करून आहे. सूर्याव्यतिरिक्त एखाद्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचे हे पहिले छायाचित्र. नंतरच्या छायाचित्रांत ती एक हजार खगोलीय एककांच्याही पुढे गेलेली दिसली.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. या ताऱ्याचे वय सुमारे २ कोटी ३० लाख वर्षे आहे. ज्या काळ्या पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरले आहे, तो पाषाण थिजला त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड या ताऱ्याच्या जवळपास तिप्पट वयाचा आहे. ताऱ्यांच्या हिशोबाने हे बाळ आहे, आणि तरीही धुळीच्या दृष्टीने त्याचे वय अतिशय मोठे आहे, कारण तिथली बारीक धूळ एवढा काळ टिकूच शकत नाही.

न टिकण्याचे कारण मुलांना सांगताना उफणणीचे उदाहरण घ्यावे. मळणी यंत्रे आल्यानंतर आजच्या मुलांनी ते पाहिले नसेल, पण त्यांच्या आजी-आजोबांनी खळ्यावर ते केलेले असते. वावडीवर उभे राहून सुपातून मळलेली ज्वारी वाऱ्यात सोडली की दाणे पायाशी पडतात आणि भुसा उडून लांब जातो, कारण वारा दोघांवरही सारखाच लागत असला तरी भुशाच्या पृष्ठभागाच्या मानाने त्याचे वजन फार कमी असते. ताऱ्याच्या प्रकाशालाही असाच दाब असतो. कण जसजसा लहान होत जातो तसतसे त्याचे वजन त्याच्या पृष्ठभागापेक्षा वेगाने घटते, आणि बीटा पिक्टोरिससारख्या, सूर्याच्या आठपटीहून अधिक तेजस्वी असलेल्या ताऱ्याजवळ काही मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांना गुरुत्वाकर्षण धरून ठेवू शकत नाही. गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाचा दाब ही दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातात, म्हणून कण ताऱ्यापासून कितीही दूर असला तरी निकाल बदलत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत सुंदर मुद्दा आहे, आणि दहावीच्या वर्गातील मुलाला तो कागदावर मांडून दाखवता येतो.

त्याहून मोठे कण उडून जात नाहीत, पण ते एकमेकांवर आदळतात. जात्यात ज्वारीची आधी भरड होते, मग रवा आणि शेवटी पीठ होते, तसे तिथे डोंगराएवढ्या पिंडांचे धोंडे, धोंड्यांचे खडे आणि खड्यांची धूळ होते, आणि पिठाएवढे बारीक झाले की प्रकाशाचा वारा ते उडवून नेतो. दाट भागांत हा फेरा काही हजार ते काही लाख वर्षांत पुरा होतो. ताऱ्याचे वय २ कोटींवर असतानाही धूळ दिसते आहे, याचा अर्थ जात्यात अजून वैरण पडत आहे: लघुग्रह आणि धूमकेतूंसारखे मोठे पिंड तिथे आहेत, ते आपल्याला एकेकटे दिसत नाहीत, आणि ते आजही फुटत आहेत. अशा तबकडीला म्हणूनच ताऱ्याच्या जन्मावेळच्या वायू-धुळीच्या तबकडीपासून वेगळे मानतात आणि भग्नावशेषांची तबकडी म्हणतात.

हे निव्वळ अनुमानावर थांबलेले नाही. १९८७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले की या ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत पसरवलेल्या त्याच्या प्रकाशात, कॅल्शियमच्या काही रेषा एकाएकी उमटतात आणि तासांत किंवा दिवसांत बदलतात. धूमकेतूसारखे पिंड ताऱ्याच्या अगदी जवळ येऊन त्यांची वाफ होत असेल आणि ती वाफ आपल्या दृष्टिरेषेतून जात असेल, तर हे घडेल. तबकडी आपल्याकडे काठ करून असल्याचा हा मोठा फायदा. २०१४ मध्ये, चिलीतील ला सिया वेधशाळेत २००३ ते २०११ या काळात घेतलेले एक हजारांहून अधिक वर्णपट तपासून अशा जवळपास पाचशे धूमकेतूंच्या खुणा मोजल्या गेल्या. त्यांत दोन कुळे निघाली, एक बऱ्याच फेऱ्यांनी जीर्ण झालेल्या धूमकेतूंचे आणि दुसरे बहुधा एकाच मोठ्या पिंडाच्या फुटण्यातून आलेल्या तुकड्यांचे. टेस या उपग्रहाने पुढे या धूमकेतूंच्या शेपट्या ताऱ्यावरून सरकताना ताऱ्याच्या तेजात होणारी किंचित घटही मोजली. त्या नोंदींवरून या धूमकेतूंच्या गाभ्यांचे व्यास काही किलोमीटर ते १४ किलोमीटर निघतात, म्हणजे आपल्या सूर्यमालेतील धूमकेतूंसारखेच.

त्याच २०१४ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातील आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाला ताऱ्यापासून सुमारे ८५ खगोलीय एककांवर, नैर्ऋत्येच्या बाजूला, कार्बन मोनॉक्साइड वायूचा मोठा पुंजका सापडला. अतिनील किरणांनी हा वायू तिथे साधारण १२० वर्षांत फुटून जातो. एका आजोबांच्या आयुष्याहून थोड्याच अधिक काळात जो वायू नाहीसा व्हायला हवा, तो तिथे भरपूर आहे. त्याचा साठा सतत भरला जात असला पाहिजे, आणि तो भरणारे बर्फाळ पिंड किती वेगाने फुटत असतील याची कल्पना यावी म्हणून संशोधकांनी हिशोब मांडला की दर पाच मिनिटांना एक मोठा धूमकेतू नष्ट व्हावा लागेल.

सर्वांत अलीकडचा पुरावा मला सर्वाधिक भावतो. २००४-०५ मध्ये स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला ताऱ्याजवळ बारीक, उष्ण सिलिकेटी धुळीची ठळक खूण मिळाली होती. जेम्स वेब दुर्बिणीने तोच भाग पुन्हा पाहिला तेव्हा ती खूण गेलेली होती. २०२४ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष मांडला की स्पिट्झरच्या निरीक्षणाच्या थोडे आधी तिथे मोठ्या लघुग्रहांची धडक झाली असावी, त्यातून उठलेले पीठ स्पिट्झरने पाहिले आणि पुढच्या वीस वर्षांत प्रकाशाच्या दाबाने ते उडून गेले. उन्हाळ्यात पाणंदीवर फुफाटा तरंगताना दिसला की गाडी दिसली नाही तरी ती नुकतीच गेली हे आपल्याला कळते, आणि थोड्या वेळाने पाहावे तर हवा स्वच्छ झालेली असते. वर सांगितलेली उफणणी इथे एका माणसाच्या नोकरीच्या काळात घडून गेली. अर्थात आपण जे पाहतो ते ६३ वर्षांपूर्वीचे आहे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा या ताऱ्याचा प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती. अगस्त्याचा प्रकाश मात्र तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. दोघे आकाशात शेजारी दिसतात, पण अगस्त्य जवळजवळ पाचपट दूर आहे.

आता ‘ग्रह जन्माला येत आहेत’ याबद्दल. तबकडीचा आतला भाग बाहेरच्या भागाच्या तुलनेत चार-पाच अंशांनी कललेला आहे, हे हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून स्पष्ट झाले होते, आणि असा कल तिरप्या कक्षेतील एखाद्या मोठ्या ग्रहाच्या ओढीने येऊ शकतो असे गणित १९९७ मध्येच मांडले गेले होते. २००३ मध्ये चिलीतील अतिविशाल दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत आन-मारी लाग्रांज यांच्या गटाला तसा ठिपका सापडला आणि २००८ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. नंतर तोच ठिपका ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दिसल्यावर तो ग्रह असल्याची खात्री झाली. हा बीटा पिक्टोरिस बी. तो गुरूच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा आहे, आपल्या शनीएवढ्या अंतरावरून फिरतो, आणि २०१४ च्या मोजणीनुसार त्याचा दिवस सुमारे आठ तासांचा आहे. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग मोजला गेला तो प्रथम याच ग्रहाचा. २०१९ मध्ये २.७ खगोलीय एककांवर दुसरा राक्षसी ग्रह सापडला. तेव्हा मोठे ग्रह तिथे केव्हाच तयार झालेले आहेत. पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह धडकांमधून अजून घडत असतील, ही शक्यता खुली आहे, कारण आपली पृथ्वीही सूर्याच्या जन्मानंतर काही कोटी वर्षे अशाच धडका खात होती. मुलांना ‘ग्रहांचा जन्म’ असे न सांगता ‘ग्रहांचे बालपण’ असे सांगावे, म्हणजे चूक होणार नाही.

या ताऱ्याचा आपल्या देशाशी एक छोटा संबंध आहे, तोही वर्गात सांगण्यासारखा आहे. बीटा पिक्टोरिस बी ताऱ्याच्या समोरून किंवा त्याच्या अगदी जवळून जाणार होता, त्या काळात ताऱ्याच्या तेजावर लक्ष ठेवण्यासाठी फ्रान्समध्ये पिकसॅट नावाचा अगदी लहान उपग्रह बनवला होता, आणि १२ जानेवारी २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी४० या आपल्या प्रक्षेपकाने तो कक्षेत सोडला. मार्चमध्ये त्याच्याशी संपर्क तुटला, पण एका मंद ताऱ्यासाठी मुद्दाम उपग्रह पाठवला गेला ही गोष्ट मुले विसरत नाहीत.

शेवटी, दाखवायचे काय? मी सुचवीन की फेब्रुवारीच्या मध्यावरची चंद्र नसलेली, अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ निवडावी आणि मुलांना पावणेआठच्या आधी माळरानावर न्यावे. संधिप्रकाश पूर्ण संपला की पश्चिमेला, सूर्य मावळला त्या बाजूला, क्षितिजावर रुंद आणि वर निमुळता होत गेलेला दुधट उजेडाचा सुळका दिसेल. तो गावाचा उजेड नव्हे आणि आकाशगंगेचा पट्टाही नव्हे. राशिचक्राच्या पट्ट्यात, ग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीत सूर्याभोवती पसरलेली धूळ सूर्यप्रकाशात चमकते, तिचा हा प्रकाश आहे. धूमकेतूंच्या आणि लघुग्रहांच्या चुऱ्यातूनच ही धूळ येते, आणि तीही सतत नाहीशी होत असते व सतत भरली जात असते. बीटा पिक्टोरिसच्या धुळीच्या मानाने ती हजारो पटींनी विरळ आहे, पण आपण तिच्या आतच उभे असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. जिला दुर्बिणीत शोधायला आपण निघालो होतो त्या जातीची तबकडी मुलांना अशी आधी घरचीच पाहता येईल. साडेआठपर्यंत तो सुळका पुष्कळसा खाली उतरलेला असेल. त्या वेळी मुलांना दक्षिणेकडे वळवावे, हातातील विजेऱ्या बंदच ठेवाव्यात, अगस्त्य दाखवावा आणि त्याच्या उजवीकडे, त्याच्याहून किंचित वर, तीन बोटांहून थोड्या अधिक अंतरावर तो मंद तारा प्रत्येकाला आपला आपण शोधू द्यावा.